पाटीवरचे नियम आणि मंडळाची वहिवाट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'संस्थेचे संस्कार' असा. मुलांवर चांगले संस्कार करावेत हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तसे करण्याचा प्रयत्नही प्रत्येकीने आपापल्या घरी केला आहे. कुणाला यश आले, कुणाला थोडे कमी आले. पण संस्थेवर संस्कार कोण करते? संस्थेला ना आई ना बाप. तिला एक घटना असते, एक शिक्का असतो, पावतीपुस्तक असते आणि एक लोखंडी कपाट असते, ज्याची किल्ली ऐन वेळी सापडत नाही. एवढ्या सामानावर संस्था चालते असे ज्यांना वाटते त्यांनी संस्था चालवलेली नसावी.

संस्था चालते ती वहिवाटीवर. आपल्या मंडळाचेच पाहा ना. महिन्याच्या पहिल्या शनिवारी खजिनदारबाई जमाखर्च मोठ्याने वाचतात आणि आपण सगळ्या जणी तो ऐकतो. निदान ऐकल्यासारखे करतो. घटनेत एवढेच लिहिले आहे की हिशेब 'वेळोवेळी सभेपुढे ठेवावा'. मोठ्याने वाचावा असे कुठेही लिहिलेले नाही. सभा संपली की अध्यक्षीणबाईंसकट साऱ्या जणी सतरंज्या घड्या करतात, हेही लिहिलेले नाही. नवी सभासद आली की पहिल्या दिवशी ती बसून राहते, दुसऱ्या दिवशी इकडेतिकडे पाहते आणि तिसऱ्या दिवशी सतरंजीचे दुसरे टोक धरते. तिला कोणी शिकवत नाही. ती पाहून शिकते. हाच तो संस्कार. मी त्याला वहिवाट म्हणते. पाटीवरचा नियम माणसाला काय करू नये ते सांगतो. वहिवाट मात्र माणूस न बोलता काय करतो आणि मनातून कशासाठी झटतो हे ठरवून टाकते.

हे मी रसायनीत उभी राहून सांगते आहे ही गोष्टही लक्षात घ्या. आपल्या गावाचे हे नावच मुळी कारखान्याने दिलेले. वासांबे, मोहोपाडा, चांभार्ली ही जुनी गावे. पाताळगंगेच्या काठची भातशेती. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना इथे आला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या भागाला कोणी एका नावाने हाक मारत नव्हते त्याला रसायनी हे नाव मिळाले. नाना प्रांतांची कुटुंबे इथे आली. २०१७ साली केंद्र सरकारने त्या कारखान्याचे येथील तोट्यात चालणारे विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाला लागणारे एक रसायन तयार करणारा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेकडे जाऊन टिकला. तेव्हा संस्था उभी राहणे म्हणजे काय आणि बंद पडणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून वाचावे लागत नाही.

कारखान्यात जाणारे माणूस ज्या घरात असते त्या घरातल्या बाईला पाटी आणि वहिवाट यांतला फरक चांगला कळतो. 'सुरक्षितता प्रथम' ही पाटी कोणत्या कारखान्याच्या फाटकावर नसते? परंतु काडेपेटी खरोखरच फाटकावर ठेवली जाते की नाही, झडप गळते असे नव्या पोराने सांगितले तर वरिष्ठ त्याला शाबासकी देतो की 'फार शहाणा आहेस' म्हणतो, ह्यावर रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येणे अवलंबून असते. भोपाळचे उदाहरण साऱ्या जगाला माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. त्या कारखान्यात सुरक्षिततेची साधने नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवण्याचे यंत्र होते, पण ते बंद ठेवले होते. सुटलेला वायू जाळून टाकणारी चिमणी होती, पण तिची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणाही होती, पण ती ऐन वेळी उपयोगी पडली नाही. आधीच्या तीन-चार वर्षांत लहान गळती झाल्या होत्या, १९८१ साली एक कामगार दगावलाही होता. तरी खर्च कमी करायचा आणि 'चालते आहे ना, मग चालू द्या' अशी तिथली रीत पडत गेली होती. पाट्या तशाच होत्या. बदलली होती ती रीत.

आता ह्या जड गोष्टी सोडून आपल्या स्वयंपाकघराकडे वळू.

लिज्जत पापड आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात आलेला आहे, मग आपण उन्हाळ्यात गच्चीवर स्वतःचे पापड कितीही वाळत घालत असू. ही संस्था मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सुरू झाली. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनी जमल्या. जसवंतीबेन पोपट ह्या त्यांतल्या एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हाती पैसा नव्हता. छगनलाल करमशी पारेख म्हणून एक समाजसेवक होते, त्यांना छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी चार पुडकी पापड झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. आज ही संस्था पंचेचाळीस हजारांच्या आसपास भगिनींना काम देते आणि वर्षाची उलाढाल कित्येक शे कोटींची आहे. असे आकडे ऐकले की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते त्या आकड्यांकडे नव्हे. त्या सात जणींनी अगदी आरंभी, हातात काहीच नसताना, जे चार-दोन निर्णय घेतले त्यांच्याकडे.

पहिला निर्णय असा की देणगी मागायची नाही, तोटा झाला तरी नाही. विचार करा हं, ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर उभ्या असलेल्या बायका हे म्हणत आहेत! आपल्याकडे कोणतेही कार्य काढायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'पावती कुणाकुणाच्या नावाने फाडायची?' देणगी न घेण्याने काय झाले? दात्याची मर्जी सांभाळण्याचे काम संस्थेला कधी करावे लागले नाही. पापड चांगला झाला तरच पैसा येणार, नाहीतर नाही, हे प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून कळले. पुढे १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली आणि खेळत्या भांडवलाला मदतही झाली. ती घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. भांडवल आणि भिक्षा ह्यांत अंतर आहे, आणि ते ज्या संस्थेला कळते तिचा कणा ताठ राहतो.

दुसरा निर्णय मला फार आवडतो. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. चांगला महाग आणि साधा स्वस्त. व्यवहाराला हे धरूनच आहे, आपणही भाजणीच्या दोन प्रती करतोच. छगनबाप्पांनी सांगितले, की एकच प्रत ठेवा, उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. आता ह्यातले मर्म पाहा. दोन प्रती असल्या की लाटणारीच्या मनात एक पळवाट तयार होते. हात चुकला, पापड जाड झाला, तर 'जाऊ दे, दुसऱ्या प्रतीत घालू'. प्रत एकच असली म्हणजे ही पळवाट बंद होते. जाडसर पापड परत येतो आणि तो आपलाच आहे हे दहा जणींसमोर दिसते. मग हात आपोआप सुधारतो. देखरेखीला माणूस ठेवावा लागत नाही.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. आपल्या इथला पाऊस ज्यांनी सोसला आहे त्यांना हे सांगायला नको. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. झाले कारखान्याचे यंत्र! कुठल्या मोठ्या शास्त्रज्ञाला विचारायला गेल्या नाहीत.

कामाची रीत अशी. भगिनी केंद्रावर येते, पीठ घेऊन घरी जाते, घरी लाटते, दुसऱ्या दिवशी पापड आणून देते, ते पारखले जातात आणि मोबदला तिच्या हाती पडतो. कोणी कितीही मोठ्या पदावर असो, तिला 'बेन' असेच संबोधायचे. नफा असो की तोटा, तो सर्वांचा. सभासद होता येते ते फक्त स्त्रियांना. गाडी हाकायला, हिशेब लिहायला पुरुष असले तर ते पगारी नोकर, मालक नव्हेत. आणि निर्णय एकमताने. एकीने जरी 'नाही' म्हटले तरी तिचे म्हणणे डावलता येत नाही. आमच्या घरी हे सांगितले तेव्हा आमचे हे म्हणाले, 'मग एकही ठराव होत नसेल!' तसे नाही. जिथे एकीचा नकार पुरेसा असतो तिथे तिला आधी समजावून सांगावे लागते, आणि समजावताना पुष्कळदा आपल्यालाच कळते की ठराव कच्चा होता.

ही संस्था आपल्या कामाकडे तीन नात्यांनी पाहते: हा व्यवसाय आहे, हे कुटुंब आहे, आणि ही भक्ती आहे. कोणी म्हणेल, हे बोलायला गोड शब्द आहेत. मी मान्य करते की कुटुंब म्हणवणाऱ्या पुष्कळ कचेऱ्यांत पगार मागितला की नाते संपते. परंतु इथे तीन शब्द एकमेकांना धरून आहेत. नुसते कुटुंब म्हटले असते तर हिशेब ढिला पडला असता आणि नुसता व्यवसाय म्हटला असता तर लाटणारी मजूर झाली असती.

आणि आता उद्दिष्टाची गोष्ट. पापड लाटण्याचे यंत्र निघाले त्याला पुष्कळ वर्षे झाली. यंत्र तासाला किती पापड काढते ते पाहिले तर हाताने लाटणे हा वेडेपणा ठरेल. तरी ह्या संस्थेने पापड हातानेच लाटत ठेवला. का? कारण त्यांचे उद्दिष्ट पापड हे नव्हतेच. पापड हे निमित्त होते. घर न सोडता बाईच्या हातात रोजचा पैसा पडावा हे उद्दिष्ट होते. यंत्र आले असते तर पापड वाढले असते आणि बायका कमी झाल्या असत्या.

आपल्यापुढेही हाच प्रश्न यंदा आलेला आहे हे सर्व जणींना ठाऊक आहे. पनवेलचे एक दुकानदार आपल्याकडून दरमहा मोठा माल घ्यायला तयार आहेत आणि एक गृहस्थ यंत्र फुकट देऊ म्हणतात; फक्त पुडक्यावर त्यांचे नाव छापायचे. आपल्या पापड विभागात आज अकरा जणी आहेत. यंत्रावर तीन लागतील. मी तुम्हांला काय करा ते सांगत नाही, तो ठराव वार्षिक सभेपुढे येईल तेव्हा माझे मत मी देईनच. पण एवढे सांगते की प्रश्न 'यंत्र घ्यावे का' असा नाही. तो 'आपण पापडांसाठी आहोत की अकरा जणींसाठी' असा आहे. तो तसा विचारला म्हणजे उत्तर फार अवघड राहत नाही.

घाटाच्या पलीकडे मावळात आणि पुढे खेड-जुन्नरकडे डबेवाल्यांची गावे आहेत. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे ह्यांनी ह्या धंद्याची सुरुवात केली. पुढे एकेकाळी पाच हजारांच्या घरात माणसे हे काम करीत; करोनाच्या साथीनंतर संख्या बरीच घटली. ह्यांतले पुष्कळ जण फार शिकलेले नाहीत, पण डोक्यावर पांढरी टोपी हवी, कामावर दारू चालणार नाही, चुकले तर दंड, आणि टोळीतली कमाई सारखी वाटायची, हे त्यांच्यात पक्के. एकाच पंचक्रोशीतली, सोयऱ्याधायऱ्यांतली माणसे. डबा चुकला तर साहेब रागावेल ही भीती त्यांना कमी. गावच्या जत्रेत तोंड दाखवावे लागेल ही भीती अधिक. असा धाक कोणत्याही मोठ्या कंपनीला पगार देऊन विकत घेता येत नाही.

परंतु समान मूल्ये असली म्हणजे सगळे सुरळीत होते असे समजू नका. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची हकिकत पाहा. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली सोसायटी झाली, १८८५ साली फर्गसन कॉलेज. विष्णुशास्त्री चिपळूणकर पहिल्या काही वर्षांतच निवर्तले. टिळक आणि आगरकर मागे राहिले. आजीव सभासदाने महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करायचे अशी रीत त्यांनी घालून घेतली. हे त्यागाचे व्रत सर्वांना मान्य होते. भांडण लागले ते व्रताच्या अर्थावरून. संस्थेबाहेरचे काम करावे का, बाहेर मिळवलेला पैसा कोणाचा, वेतन थोडे वाढवावे का? टिळकांचे म्हणणे, सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेची. बाकीच्यांचे म्हणणे, माणसाला संसार असतो. त्यातच १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

ह्यात कोण चुकले? मी शाळेत शिकवलेली बाई आहे. टिळकांचा नियम सरळ होता आणि नियमाच्या बाजूने पाहिले तर त्यांचेच खरे. पण पंचाहत्तर रुपयांत घर कोण चालवत होते, मुलांच्या आजारपणाला पैसे कुठून येत होते, ह्याचा विचार त्या सभांत कितपत झाला असेल, असे माझ्या मनात येते. त्यागाचे व्रत घेणाऱ्याच्या बायकोला कोणी विचारले नव्हते. मूल्य एकच असले तरी त्याचा अर्थ दरवर्षी बसून बोलावा लागतो, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनात वेगळा अर्थ वाढवीत राहतो.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ साली त्या जागी आले धोंडो केशव कर्वे. एका संस्थेतल्या भांडणामुळे दुसरी केवढी संस्था उभी राहण्याचा योग आला! १८९३ साली कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या बाया कर्व्यांशी, विवाह केला. त्याच वर्षी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' काढली. दोन वर्षांनी, १८९५ साली, तिचे नाव बदलून 'विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी' असे केले. नावात काय आहे, असे आपण म्हणतो. इथे फार होते. पहिल्या नावात लग्न करा असा आग्रह होता. दुसऱ्यात कोणी करीत असेल तर आड येऊ नका, एवढेच म्हणणे होते. बिचकणारी माणसे दुसऱ्या नावाखाली उभी राहू शकत होती. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० साली तो हिंगण्याला गेला, आणि १९०८ साली निष्काम कर्म मठाची स्थापना झाली. संस्थेसाठी आयुष्य वाहून घेणाऱ्यांनी स्वतःच्या लाभाचा विचार करू नये, हे त्या मठाचे व्रत. पार्वतीबाई आठवले ह्या बायांच्या भगिनी, तरुणपणी वैधव्य आलेल्या. इंग्रजी धड येत नसताना त्या आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. ह्या बाईंना कोणत्या पाटीने तिकडे पाठवले असते?

मी मुद्दामच ह्या विषयाशी आले आहे, कारण आता जे बोलायचे आहे ते आपल्या घरातले आहे.

आतापर्यंत मी वहिवाटीचे गुण गाइले. पण वहिवाट वाईटही असते, आणि वाईट वहिवाट चांगलीइतकीच मुक्याने चालते. आपल्या घटनेत लिहिले आहे की अठरा वर्षांवरील कोणतीही स्त्री सभासद होऊ शकेल व मंडळाच्या सर्व कार्यक्रमांत भाग घेऊ शकेल. छान आहे. मात्र दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची पत्रिका निघते तिच्यावर छापलेले असते: 'सर्व सौभाग्यवती भगिनींना आग्रहाचे निमंत्रण'. पापड विभागाच्या अकरा जणींपैकी चार जणींना हे निमंत्रण नाही. आदल्या दिवशी तिळगुळाचे लाडू वळायला त्या चौघी असतात. पाक कुठवर आला हे पाहायचे म्हणजे त्यांच्यातल्या एकीलाच बोलवावे लागते. दुसऱ्या कोणाचा लाडू इतका खुसखुशीत होत नाही. दुसऱ्या दिवशी वाण वाटताना त्या दिसत नाहीत. त्यांना 'येऊ नका' असे कोणी म्हटले आहे का? कोणीही नाही. 'या' असेही कोणी म्हटलेले नाही. वहिवाट.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की पती निवर्तल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे ह्या प्रथा गावात बंद. आणि विधवा म्हणून कोणा स्त्रीला समारंभातून दूर ठेवायचे नाही. करोनाच्या साथीत कितीतरी घरांतली कर्ती माणसे तरुण वयात गेली होती, त्या दुःखाची पार्श्वभूमी ह्या ठरावाला होती. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे कळवले. शहरांनी करायचे ते एका खेड्याने करून दाखवले ह्याचे मला कौतुक वाटते. पण ठराव ही पुन्हा पाटीच. ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे त्या दिवशी, त्या घटकेला, एखाद्या वडीलधाऱ्या बाईने बांगड्या फोडणाऱ्या हाताला धरले तर ठराव खरा झाला. तो हात धरणारी बाई कुठून येते? ती अगोदर कुठल्यातरी मंडळात, कुठल्यातरी घरात, असे होताना पाहून आलेली असते.

आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींना हे बोलणे रुचणार नाही ह्याची मला कल्पना आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. हळदीकुंकू हा सौभाग्याचा सोहळा, तो तसाच असावा, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि ह्या मंडळाच्या पहिल्या सतरंज्या त्यांनीच वर्गणी काढून आणल्या. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यापुढे काय करावे हे मी सांगणार नाही. पण मंडळाचे हळदीकुंकू मंडळाच्या पैशाने होते, आणि त्या पैशात त्या चौघींनी लाटलेल्या पापडांचा पैसा आहे. तो पहिल्या शनिवारी आपण मोठ्याने वाचून दाखवतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. बोलावले तरी त्या येतील का? वहिवाट त्यांच्याही मनात बसलेली आहे. कदाचित आपल्यापेक्षा घट्ट. मी एकीला सहज विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, 'नको बाई, उगीच कुणाच्या मनाला लागायचे.' स्वतःच्या मनाला काय लागते ते त्या बोलल्या नाहीत. म्हणून फळ्यावर सूचना लावून हे होणार नाही. दोघी-दोघींनी त्यांच्या घरी जावे, बसावे, चहा घ्यावा आणि तोंडी आमंत्रण करावे. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे असेल त्यांना लावावे. ज्यांना नको असेल त्यांच्या हातात फूल आणि तिळगूळ द्यावा, वाण सर्वांना सारखेच. कोणाला बळेच काही लावू नये. 'बघा आम्ही किती सुधारलेल्या' असा आवही आणू नये. फोटोसाठी त्यांना पुढे उभे करू नये. नेहमीच्या भगिनी येतात तशा त्या याव्यात आणि जाव्यात.

पत्रिकेवरचा एक शब्द बदलायचा आहे. 'सर्व सौभाग्यवती भगिनींना' ह्याऐवजी 'सर्व भगिनींना'. कर्व्यांच्या मंडळीने नाव बदलले तेव्हा त्यांना पुष्कळ अक्षरे घालावी लागली. आपल्याला एक शब्द फक्त वगळायचा आहे. छापखानेवाला त्याचे पैसेही मागणार नाही.

हा माझा ठराव मी कार्यकारिणीला लेखी दिलेला आहे. लिज्जतच्या रीतीने पाहिले तर एकीने 'नाही' म्हटले तरी तो थांबेल, आणि तसे झाले तर मी थांबेन. जिचा नकार असेल तिच्या घरी मी स्वतः जाईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. पत्रिकेचा मजकूर सोमवारी छापखान्यात जायचा आहे. त्याआधी रविवारी दुपारी चार वाजता सभा आहे. पापड विभागाच्या अकराही जणींनी यावे अशी माझी विनंती आहे. लाडवांचा तीळ निवडायला मी त्या दिवशी बरोबरच आणणार आहे, म्हणजे बोलता बोलता हातही चालतील.